रक्ताचा आकडा आणि अर्धा रोज



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार, महागाई भत्त्यावर बोलणार, निदान सरकारला चार शब्द तरी सुनावणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आणि त्यांची तपासणी’ असे सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. ‘भाऊ, ह्यावर डॉक्टरांना बोलावू की,’ असे त्यांच्यातले एक जण म्हणालेदेखील. डॉक्टरांना अवश्य बोलवावे. परंतु ह्या विषयाचा निम्मा भाग दवाखान्यात घडतो आणि निम्मा कारखान्याच्या हजेरीपुस्तकात. दुसऱ्या निम्म्यावर बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. पहिल्या निम्म्याची माहिती मी वाचून, विचारून आणि घरात भोगून मिळवली आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कुठे चुकलो, तर सभेत दोन-तीन डॉक्टर बसलेले मला दिसताहेत, त्यांनी शेवटी मला अडवावे.

आपल्या सातिवलीच्या गाळ्यांत लेथवर काम करणारा एक कामगार. नाव सांगत नाही, गाळ्याचेही नाही. वय पस्तिशीचे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली आणि पुढे मुंबईत शस्त्रक्रिया करून धातूची झडप बसवावी लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी. ती गोळी त्याने एक दिवसही चुकवली नाही, हे त्याची बायको शपथेवर सांगते आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. मग त्याला खोकला लागला, वजन उतरले, तपासणीत क्षय निघाला. क्षयाची औषधे सुरू झाली. तीही त्याने चोख घेतली. तीन महिन्यांनी एके दिवशी सकाळी डबा उचलताना त्याचा उजवा हात पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. झडपेवर रक्ताची गुठळी जमली होती, तिचा तुकडा मेंदूत गेला होता.

दोन्ही गोळ्या योग्य, दोन्ही डॉक्टर योग्य, रोगी आज्ञाधारक. मग चुकले कुठे? क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे एक औषध असते. ते यकृताला असे काही कामाला लावते की रक्त पातळ ठेवणारी गोळी यकृत झपाट्याने मोडून टाकते. गोळी पोटात जाते, पण तिचा अंमल उतरतो. हे ओळखण्याचा मार्ग एकच: रक्त काढून पाहणे. आणि चार महिने त्याने रक्त तपासून घेतले नव्हते. मी रुग्णालयात त्याच्या उशाशी बसलो होतो. बोलणे थोडे परत आल्यावर मी विचारले, ‘का रे बाबा, गेला का नाहीस?’ तो अडखळत म्हणाला, ‘भाऊ, गोळी चहाच्या पैशांत येते. तपासणीला खाडा पडतो.’

एवढे एक वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसले, आणि आजचे माझे सगळे बोलणे त्याच्याभोवतीच आहे.

आता ही गोळी म्हणजे आहे काय, हे थोडे पाहू. तिची जन्मकथा मोठी नवलाची आहे. १९२० च्या सुमारास कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या गुरांत एक विचित्र रोग पसरला. शिंगे छाटली, साधी जखम झाली, तरी जनावर रक्तस्राव होऊन मरे. कुजलेला, बुरशी आलेला एक गोडसर चारा खाल्ल्याने हे होते, इतके पशुवैद्यांच्या ध्यानात आले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून गाडी हाकत तिथल्या विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड, तो चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये त्या जनावराचे न साकळलेले रक्त. कार्ल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात त्याने ते नेऊन ठेवले. लिंक आणि त्याचे सहकारी सहा वर्षे त्या चाऱ्याच्या मागे लागले आणि १९३९ साली त्यांनी त्यातले नेमके द्रव्य हाती घेतले. पुढे त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ साली बाजारात आले, ते उंदीर मारण्याचे विष म्हणून! १९५४ साली ते माणसांना देण्यास मान्यता मिळाली, आणि १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते दिले गेले. आपल्याकडे ह्याच कुळातली असेनोकुमरॉल ही गोळी पुष्कळ रोगी घेतात.

उंदराचे विष म्हटल्यावर घाबरून घरी जाऊन गोळी बंद करू नका, एवढी हात जोडून विनंती. विष आणि औषध ह्यांत फरक मात्रेचा, ही गोष्ट आपल्या आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक होती. फरक इतकाच, की ह्या गोळीची मात्रा आजीच्या अंदाजाने ठरत नाही. तीच गोळी एकाला दिवसाला एक मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला चार लागतात, आणि त्याच माणसाला श्रावणात एक तर कार्तिकात दुसरी.

‘रक्त पातळ करणे’ हा शब्दही तसा फसवा. दुधात पाणी घालावे तसे रक्त पातळ होत नाही. यकृत रक्त साकळवणारी काही द्रव्ये तयार करते. त्यांतल्या चारांवर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागते. ही गोळी त्या जीवनसत्त्वाचा वापर अडवते. आधी तयार झालेला माल मात्र रक्तात फिरतच असतो, तो संपायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आजच्या गोळीचा परिणाम आज दिसत नाही, परवा-तेरवा दिसतो. आज आकडा कमी आला म्हणून आपल्याच मनाने दोन गोळ्या घेणारा माणूस परवाच्या संकटाची सोय करून ठेवतो.

ही तपासणी होते कशी, हे पाहायला मी एका प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला गळ घातली आणि त्याने मला दुपारभर शेजारी बसवून घेतले. निळ्या टोपणाची नळी असते. तिच्या तळाशी सोडियम सायट्रेटचा द्रव असतो. रक्त साकळायला त्यातला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, लागतो. सायट्रेट तो धरून ठेवते, त्यामुळे नळीत रक्त तसेच राहते. एक भाग द्रव आणि नऊ भाग रक्त, असे हे माप. नळीवर खूण असते, तिथपर्यंत रक्त भरलेच पाहिजे. अर्धीच नळी भरली तर द्रव जास्त होतो आणि रक्त आहे त्याहून उशिरा साकळते, म्हणजे आकडा खोटा चढतो. शीर सापडत नाही म्हणून कोणी अर्धी नळी घेऊन ‘चालेल’ म्हणाला, तर ‘चालणार नाही’ म्हणून सांगा. मग नळी यंत्रात गरगर फिरवून तांबड्या पेशी खाली बसवतात. वरचा पिवळसर द्रव अंगाच्या उष्णतेइतका, ३७ अंशांवर, गरम करतात. त्यात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य चुन्याच्या अंशासह घालतात आणि घड्याळ सुरू करतात. किती सेकंदांत ते साकळते, तो झाला प्रोथ्रॉम्बिन टाइम. ही रीत अमेरिकेतल्या डॉक्टर क्विक ह्यांनी १९३५ साली घालून दिली. निरोगी माणसाचे रक्त साधारण बारा सेकंदांच्या आसपास साकळते.

परंतु ह्यात एक मोठी गोम होती. थ्रॉम्बोप्लास्टिन एकेका कंपनीचे एकेक, कुणाचे जलाल, कुणाचे मंद. म्हणून एकाच माणसाचे रक्त एका प्रयोगशाळेत चोवीस सेकंद घेई आणि दुसरीत सतरा. मग खरे कोणते? ह्या ठिकाणी माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, कारण हा पेच आम्ही संघटनेची माणसे जन्मभर सोडवत आलो आहोत. महागाईचा निर्देशांक आपण ऐकला असेल. २००१ चे भाव शंभर धरले तर एक आकडा येतो, २०१६ चे भाव शंभर धरले तर दुसरा. बाजार तोच, तूरडाळ तीच, पण आकडे दोन. म्हणून २०२० साली नवी मालिका आली तेव्हा सरकारने जोडगुणांक दिला, २.८८. नव्या आकड्याला त्याने गुणले की जुन्या करारांचा महागाई भत्ता बरोबर निघतो. तो गुणांक माहीत नसलेला पुढारी वाटाघाटीत मार खातो.

रक्ताच्या बाबतीतही हेच केले आहे. प्रत्येक थ्रॉम्बोप्लास्टिनला त्याच्या जलालपणाचा एक अंक दिलेला असतो. रोग्याचे सेकंद निरोगी माणसाच्या सेकंदांच्या किती पट, हे काढतात आणि त्या पटीवर तो अंक चढवतात. इथे साधा गुणाकार नसतो, घात असतो, एवढाच फरक. पहिल्या प्रयोगशाळेत चोवीस भागिले बारा, म्हणजे दोन पट. तिथला अंक एक, म्हणून उत्तर दोन. दुसरीत सतरा भागिले बारा, म्हणजे १.४२ पट. तिथला अंक दोन, म्हणून त्या पटीला तिनेच गुणायचे. उत्तर पुन्हा दोनच! हा जो शेवटचा आकडा, त्याला आय. एन. आर. म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ही पद्धत घेतली. तेव्हा कागद हाती आला म्हणजे सेकंदांकडे पाहून छाती धडधडू देऊ नये, आय. एन. आर. पाहावा. निरोगी माणसाचा एकच्या जवळपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्याला गोळी दिली असेल तर बहुधा दोन ते तीन राखतात. डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन. आपला पल्ला कोणता, हे आपल्या डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावे. पल्ल्याच्या खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. आणि शक्यतो प्रयोगशाळा एकच धरावी. पद्धत कितीही चांगली असली तरी दोन घड्याळे सेकंदाला सेकंद जुळत नाहीत.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर आम्ही लालबाग सोडून ह्या बाजूला आलो. माझी पत्नीही चाळीतलीच. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे. एकाचा घसा दुखला की सगळ्यांचा दुखायचा. त्या घशाच्या जंतूंमागून काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा खराब करून जातो. हा दाटीवाटीच्या घरांचा रोग आहे, बंगल्यांत तो कमी दिसतो. पत्नीलाही धातूची झडप आहे. रात्री सगळे शांत झाले की घड्याळासारखी तिची टिकटिक मला ऐकू येते. पहिली दोन-तीन वर्षे मी त्या आवाजाने जागा राहत असे. आता आवाज आला नाही तर जाग येते.

तिने एक वही ठेवली आहे. चाळीस पानी, मुलाच्या शाळेतली उरलेली. तारीख, आकडा, गोळी किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय वेगळे झाले’. हा शेवटचा रकाना तिचा स्वतःचा शोध, कुणी शिकवला नाही. एकदा तिला जुलाब झाले. जवळच्या एका दवाखान्यातून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या मिळाल्या. रक्ताची गोळी चालू आहे का, असे तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. तपासले तर आकडा ६.८! हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली, दोन दिवसांनी पुन्हा तपासले, आणि मगच पुढचे ठरवले. ते पान मी पुष्कळांना दाखवले आहे. लेथवाल्याचा आकडा एका औषधाने खाली नेला, हिचा दुसऱ्याने वर. म्हणून कोणतेही नवे औषध सुरू झाले, किंवा जुने बंद झाले, की चार-पाच दिवसांत तपासणी कधी करायची हे विचारून घ्यावे. ‘बंद झाले’ हेही ध्यानात ठेवा. क्षयाचा उपचार संपला की यकृताचा तो जोर हळूहळू ओसरतो, आणि मधल्या काळात वाढवलेली गोळी तशीच राहिली तर आकडा चढू लागतो. काढे आणि चूर्णेही ह्यात आली. ‘ते काही औषध नव्हे, आयुर्वेदिक आहे,’ असे म्हणणारे लोक मला भेटतात. वैद्यांनी हे ऐकले तर त्यांना काय वाटेल!

अंगदुखीच्या गोळ्यांची गोष्ट आणखी वाईट. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्या पोटाचे अस्तर खरवडतात. आकडा पल्ल्यात असूनही पोटात रक्त वाहू शकते, आणि कागदावर ते दिसत नाही. शौचाला डांबरासारखे काळे झाले, किंवा डोक्याला मार लागला, तर बाहेरून काही दिसत नसले तरी सरळ रुग्णालय गाठावे. आणि झडप बसवलेल्या सुनेला किंवा लेकीला मूल हवे असेल, तर दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलावे. गर्भाला ही गोळी बाधू शकते.

जेवणाविषयी लोकांनी उगीच भीती घेतली आहे. के जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात असते हे खरे. म्हणून कुणी सांगतो, पालक बंद, मेथी बंद, अळू बंद. वसईच्या माणसाला भाजी बंद करा म्हणणे म्हणजे मासळी बंद करा म्हणण्यासारखेच की! पश्चिमेच्या वाड्यांतली भाजी सकाळच्या गाडीने मुंबईला जाते आणि आपण ती खायची नाही? भाजी खावी, पण रोज सारखी खावी. घोटाळा होतो तो एकदम बदलल्याने. पावसाळा लागला, तुंगारेश्वरच्या बाजूने बाया टाकळा, कुरडू घेऊन आल्या, की आठवडाभर घरात दुसरे काही शिजत नाही: आकडा खाली. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर: आकडा वर. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या उपवासकाळात ताटातले मांस जाऊन पाला वाढला, तरीही फरक पडतो. उपवास करू नका असे मी सांगत नाही. करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि नंतर एकदा रक्त पाहा. दारूविषयी मात्र मी सबुरीने बोलणार नाही. एका रात्री भरपूर घेतली तर आकडा चढतो, रोज घेणाऱ्याचा उतरतो, आणि यकृत बिघडले की कशाचाच भरवसा राहत नाही. ही गोळी घेणाऱ्याने ती सोडावी.

कोणी म्हणेल, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत ना? निघाल्या आहेत. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डाबिगाट्रान अशी त्यांची नावे. ज्यांच्या झडपा ठीक आहेत पण ठोके अनियमित आहेत, किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे, त्यांपैकी अनेकांची त्यांनी तपासणीच्या रांगेतून सुटका केली. परंतु धातूच्या झडपांसाठी डाबिगाट्रान देऊन पाहिले, तेव्हा गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग मधेच थांबवावा लागला होता. आणि संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होऊन ठोके बिघडलेल्यांवर २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रोग्यांत तुलना झाली. २०२२ साली निकाल आला: नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळीवरचे रोगी कमी दगावले. म्हणजे चाळीतल्या रोगाला अजून जुनीच गोळी, आणि तिच्या पाठीमागे ती रांग. श्रीमंताच्या आजाराला बिनतपासणीचे औषध मिळाले, गरिबाच्या आजाराला नाही. ह्यात कोणाचा कट नाही. पण रांगेत कोण उभा आहे, हे त्यामुळे स्पष्ट दिसते.

रांगेचा हिशेब मांडू. सकाळी रक्त द्यायचे, दुपारी कागद यायचा, आणि डॉक्टर तोवर उठून गेलेले असले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. ज्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली तो वसई रोडहून गाडीला लटकून तिकडे जातो. महिन्यातून एकदा, आकडा डळमळला तर आठवड्यातून एकदा. रोजावरच्या माणसाला हे कसे परवडावे? कामगार राज्य विमा योजना आहे. १९४८ च्या कायद्याने ती आली आणि तिचे उपकार मी नाकारणार नाही. तिच्यात आजारपणाचा भत्ता आहे, वेतनाच्या सत्तर टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. परंतु आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि ‘हा कामाला अपात्र आहे’ असा डॉक्टरचा दाखला लागतो. रक्त तपासायला गेलेला माणूस कामाला अपात्र नसतोच! तो आजारी पडू नये म्हणूनच गेलेला असतो. त्याचा अर्धा दिवस ह्या हिशेबात कुठे बसत नाही. हात पडल्यावर भत्ता मिळतो, हात वाचवायला गेला तर खाडा. शिवाय दहापेक्षा कमी माणसे असलेले गाळे आणि ठेकेदाराच्या वहीत नावच नसलेली माणसे, त्यांची तर गोष्टच सोडा.

एका मालकाशी मी ह्यावर बोललो. तो वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, ‘भाऊ, आज रक्ताला सुट्टी, उद्या साखरेला, परवा डोळ्याला. माझे मशीन कोण चालवणार?’ मी म्हणालो, ‘तुमच्या मशीनला तेल घालायला दर शनिवारी अर्धा तास बंद ठेवता ना? तो कुणाच्या पगारातून कापता?’ तो हसला, पण त्या दिवशी त्याने काही दिले नाही. पुढच्या कराराच्या वेळी दिले. त्याच्याकडे आता आय. एन. आर.चा कागद दाखवणाऱ्याला महिन्यातून अर्धा दिवस भरपगारी मिळतो. वर्षभरात सगळ्या कारखान्यात मिळून किती जणांनी तो घेतला? दोघांनी. दोघांसाठी आम्ही सहा बैठका भांडलो, असे माझेच सहकारी मला चिडवतात.

आणखी एक मागणी आहे. बोटाला टोचून एका थेंबावर मिनिटभरात आकडा सांगणारे यंत्र मिळते, साखर पाहतात तसे. परदेशात कित्येक रोगी ते घरी वापरतात. आपल्याला घरोघर परवडणार नाही, त्याच्या पट्ट्या महाग आहेत. पण एका औद्योगिक वसाहतीत मिळून एक यंत्र, एक शिकवलेली परिचारिका, आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि आकडा त्याच वेळी फोनवरून रोग्याच्या डॉक्टरांना, एवढे तरी होऊ शकेल. यंत्राचा आकडा अधूनमधून प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहावा लागेल, आणि गोळी बदलण्याचा अधिकार डॉक्टरचाच राहील. गाळेवाल्यांच्या संघाकडे मी हे लिहून दिले आहे. उत्तर यायचे आहे.

तो लेथवाला आता लेथवर नाही. उजवा हात खांद्यापर्यंत उचलतो, पण सूत धरता येत नाही. त्याच गाळ्यात मालकाने त्याला स्टोअरला बसवले आहे. डाव्या हाताने नोंदी करायला तो शिकला, अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. परवा गेलो तर नटबोल्टच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर त्याने स्वतःचे आकडे मांडलेले दाखवले. २.९, २.७, ३.१. शेवटच्या रकान्यात एका ठिकाणी ‘मेव्हण्याचे लग्न’ असे लिहिले होते.

माझ्या पत्नीच्या वहीवरून आम्ही संघटनेतर्फे तशाच शंभर वह्या छापून घेतल्या आहेत. त्या बाहेर, चपला काढल्या तिथल्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपल्या घरात, शेजारी, कामावर कोणी ही गोळी घेत असेल तर एक घेऊन जा. पैसे नाहीत. मात्र पहिल्या पानावर पल्ला डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, माझ्याकडून नको.